‘येतो’ची नोंद

जुन्या आवृत्तीची सेवा संध्याकाळी सहाला बंद होणार होती, आणि आईच्या मते बाबा अजून घरी यायचे होते.

दुपारची जेवणं झाल्यावर मी टीव्हीचा प्लग काढला, दारावरच्या बेलची वायर सोडवली आणि आईपुढे पावट्याच्या शेंगांची टोपली ठेवली.

“इथेच बसून सोल. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.”

“बेल का काढलीस?”

“पेटीचं काम करायचंय. मध्येच कुणी आलं तर तुला त्रास होईल.”

“आणि हे आले म्हणजे? बेल दाबत उभे राहतील बाहेर.” तिने एक शेंग मोडली. “कोथिंबीर आणायला किती वेळ लागतो माणसाला!”

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. ते कोथिंबीर आणायलाच गेले होते. साताऱ्याच्या मंडईत, जुडी हातात घेतल्यावर ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. आईला हे माहीत होतं. तेराव्याला ती माझ्या शेजारी बसली होती. सकाळी कुणी विचारलं तर ‘गेले ते’ असं तीच सांगायची. पण ऊन उतरायला लागलं की तिचं लक्ष दाराकडे जाई. ती कडी काढून ठेवी, तिसरं ताट मांडी, गॅलरीत जाऊन उभी राही. मागच्या महिन्यात तर ती अनवाणी मंडईकडे निघाली होती. पोवई नाक्यावर एका टँकरवाल्याने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून ती वाचली.

चार वर्षांपूर्वी मेंदूज्वराने आईच्या मेंदूतला एक लहानसा भाग निकामी केला. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. आठवणी तिथे कायमच्या साठत नाहीत. त्या मेंदूभर पसरलेल्या असतात, ग्रंथालयात पुस्तकं असतात तशा. हा भाग ग्रंथपालाचं काम करतो. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, त्याच्या शेजारी कोणतं, याची कार्डं तो लिहितो. ग्रंथपाल गेला की जुनी पुस्तकं जागेवर असूनही सापडत नाहीत, आणि नवी आलेली जमिनीवर नुसती पडत राहतात. आईच्या कानामागे, कवटीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवलं आहे. कार्डं लिहिण्याचं काम आता ते करतं. कार्डं मात्र दाण्यात मावत नाहीत. ती आमच्या शोकेसमधल्या एका पेटीत असतात, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर बाबांनी नोकरी केली त्याची आठवण म्हणून मिळालेल्या छोट्या पवनचक्कीशेजारी. पेटीवर एक दिवा आहे. तो हिरवा असला की आईला कार्डं सापडत असतात. केशरी झाला की ग्रंथालय बंद.

माणसाची आठवण घराबाहेरच्या कुठल्याही संगणकावर ठेवायची नाही, असा कायदा झाल्यापासून पेटीची किल्ली एका नातेवाइकाकडे असते. आमच्या घरी ती माझ्याकडे आली. मी वेबसाइट्स बनवते. हॉटेलांची बुकिंग, शाळांचे प्रवेश, असलं काही. पेटी पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. आत डेटाबेस होता आणि त्यावर मी रोज वापरते तेच फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा. माझ्या आईच्या संसाराची मांडणी आणि महाबळेश्वरच्या एका लॉजच्या खोल्यांची मांडणी एकाच पद्धतीची होती.

डेटाबेसची मांडणी बदलायची असली की आम्ही मायग्रेशन चालवतो. मायग्रेशन म्हणजे एक छोटी फाइल. अमुक टेबलाला नवा रकाना जोडा, तमुक टेबल मोडून त्याची दोन करा, असं तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक फाइलीत पुढे जाण्याची वाट असते आणि बहुधा मागे फिरण्याचीही. फाइलीच्या नावात तारीख असते आणि त्या क्रमानेच फाइली चालतात. कोणत्या फाइली चालून झाल्या हे फ्रेमवर्क त्याच डेटाबेसमध्ये टिपून ठेवतं. नेहमीची कमांड दिली की उरलेल्या सगळ्या एकामागून एक धावतात. पण कमांडला एका फाइलीचा पत्ता जोडला तर तेवढी एकच चालते. कामावर मी हे क्वचितच करते. घाई असली की सगळ्या एकदम सोडून द्यायच्या आणि चहाला जायचं, ही आमच्या धंद्याची रीत.

त्या दुपारी पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रातला सुहेल मुजावर मला तेच सांगत होता. तो मिरजेचा. आम्ही फोनवर याआधीही बोललो होतो.

“ताई, एकेक कशाला चालवत बसलाय ओ? एक कमांड मारा, विषय संपला. सहानंतर आमचा सर्व्हर जुन्या पेट्यांशी बोलणार नाही. मग कानामागचा दाणा नुसता मुका.”

“माहीत आहे. तरी मी वाचून चालवणार आहे.”

“वाचा की. वाचायला कोण नको म्हणतंय?”

बेल काढल्यावर लगेच मी पेटीची पूर्ण प्रत काढून ठेवली होती. पहिली फाइल चालवली. दिवा केशरी झाला. आईचा हात शेंगेवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे आपण सौजन्याने पाहतो तसं. दिवा हिरवा झाला.

“काय गं, अशी काय बघतेस?” ती म्हणाली आणि शेंग सोलू लागली.

दुसरी, तिसरी, चौथी. दर वेळी तो सौजन्याचा चेहरा येई आणि जाई. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होते.

मग ती फाइल आली. तिचं नाव होतं, मृत व्यक्तींची उघडी वचनं काढणे.

पेटीत कार्डांचे प्रकार असतात. साधी घटना, वचन, निरोप. वचनाचं कार्ड पूर्ण होईपर्यंत उघडं राहतं, आणि दिवस कलला की पेटी उघडी कार्डं वर आणते, म्हणजे ज्यांना आठवत नाही त्यांच्याकडून सिलिंडर सांगायचा किंवा गोळी घ्यायची राहू नये. चांगली सोय आहे. निरोपाचं कार्ड मात्र लिहितानाच बंद होतं, आणि त्या माणसाची वाट पाहण्याचा धागा तिथे कापला जातो.

बाबांचं शेवटचं कार्ड मी उघडलं. माणूस, शशिकांत बर्गे. जागा, घराचा दरवाजा. शब्द, ‘येतो गं’. प्रकार, वचन. स्थिती, उघडं.

मी सुहेलला ती फाइल उघडायला सांगितली.

“हां, ही होय. चांगली आहे की ही. माणसं वाट बघत बसत्यात, जीव टांगणीला. ते थांबतं.”

“काय काढून थांबतं ते बघा.”

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला.

“कार्डच उडवतंय,” तो म्हणाला.

“त्या सकाळचं आईकडे तेवढं एकच कार्ड आहे. ते उडालं की तिने बाबांना शेवटचं कधी पाहिलं हेच तिला सापडणार नाही. तुम्ही घरातून निघताना काय म्हणता?”

“येतो म्हणतो. ‘जातो’ म्हटलं तर अम्मी चप्पल फेकून मारंल.” तो हसला आणि मध्येच थांबला. “आयला. ज्यानं हे लिहिलंय त्याला कुणी सांगितलंच नसणार.”

कुणी सांगणार तरी का? बाबा चाळीस वर्षं रोज ‘येतो’ म्हणून निघाले आणि रोज आले. पेटी आल्यावर कार्ड सकाळी उघडत होतं आणि संध्याकाळी बंद होत होतं. यंत्राच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं.

“ही एक वगळली तर?”

“पुढच्या सगळ्या हिच्यावर उभ्या आहेत. ही जो रकाना जोडते तो पुढच्या टेबलाला लागतो. वगळून पुढची चालवलीत तर तिथंच आपटंल. आणि हिच्यात एक अक्षर बदललंत तर फाइलीवरची कंपनीची सही जुळणार नाही, पेटी हातच लावणार नाही.”

“पण माझी स्वतःची फाइल मला घालता येते.”

“येते. किल्ली तुमची आहे.” तो म्हणाला. “ताई, जपून. हे लॉज नव्हं.”

माझी फाइल त्या फाइलीच्या आधी चालायला हवी होती. म्हणजे नावात आधीची तारीख हवी. कंपनीच्या दोन फाइलींच्या मध्ये काही आठवड्यांची मोकळी जागा होती. तारीख मला शोधावी लागली नाही. बाबा गेले तो दिवस त्याच जागेत होता.

आत मी एकच नियम लिहिला. दारातून निघताना उच्चारलेला ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणजे वचन नव्हे, निरोप समजावा. मागच्या उघड्या कार्डांना हे लागू आणि पुढे येणाऱ्यांनाही. आपल्याकडे ‘येतो’ म्हणजे ‘जातो’. मला ते इतकं उघड वाटलं की मी पुन्हा वाचून पाहिलं नाही. मागे फिरण्याची वाट रिकामी ठेवली.

ती एकच फाइल चालवली. केशरी, हिरवा. मग कंपनीची ती फाइल. तिला मेलेल्या माणसांचं एकही उघडं वचन सापडलं नाही. तिने आपला रकाना जोडला आणि निमूट पुढे गेली. उरलेल्या फाइलीही गेल्या. सहा वाजायला अजून बराच अवकाश होता.

“नादच केला की ओ तुम्ही,” सुहेल म्हणाला. मी आभार मानून फोन ठेवला.

आई शेंगा सोलायची थांबली होती. ती दाराकडे पाहत नव्हती. आपल्या हातांकडे पाहत होती.

“जुई, मी ‘या’ म्हटलंच नाही गं.”

“काय?”

“तुझे बाबा दारात उभे राहून म्हणाले, येतो गं. मी आत चटणी वाटत होते. मिक्सर चालू होता. ऐकू आलं मला. एवढं बंद होऊ दे, मग म्हणू, असं वाटलं. बंद केला तोवर जिन्यात पाऊलही वाजत नव्हतं.” तिने पदराला हात पुसले. “चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. ते म्हणायचे ‘येतो’, मी म्हणायचे ‘या’. त्या एका दिवशी राहिलं.”

आठ महिन्यांत ती बाबांबद्दल असं बोलली नव्हती. ती ज्याची वाट पाहत होती त्याच्याबद्दल असं बोलता येणार तरी कसं? ती रडली, फार मोठ्याने नाही, आणि मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. आमच्या मधल्या परातीत हिरवे दाणे साठले होते. मला वाटलं, झालं. आता हिला दुःख तरी करता येईल.

मी बेलची वायर जोडली. थोड्या वेळाने ती वाजली. शेजारच्या भोईटेकाकू आमचा डबा परत द्यायला आल्या होत्या. डबा रिकामा देत नाहीत म्हणून त्यात चार रव्याचे लाडू.

“उज्ज्वलावहिनी, जरा कडक झालेत हं. दाताखाली जपून. जुई, तुला काय, तू दगडसुद्धा खाशील.” त्या दारातूनच वळल्या. “गॅसवर दूध आहे. येते हं!”

“या,” मी म्हणाले.

आई काही म्हणाली नाही. दार लागल्यावर तिने डबा मांडीवर घेतला आणि झाकणावरून हात फिरवला.

“चांगली होती बिचारी,” ती म्हणाली.

“कोण?”

“भोईटेवहिनी. किती करायची सगळ्यांसाठी.”

“आई, त्या आत्ता इथे होत्या. शेजारच्या घरात आहेत.”

“हो, पण गेली ना.” ती मला समजावत होती. “येते म्हणून गेली.”

मी शोकेसकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. पेटीत काही बिघडलं नव्हतं. मी जे लिहिलं होतं तेच ती चोख पाळत होती. दारातून निघताना जो ‘येतो’ म्हणेल तो कायमचा गेला.

पर्स घ्यावी आणि खाली जाऊन मोकळा श्वास घ्यावा, असं मला वाटलं असणार. निदान मी उठून पर्सच्या दिशेने हात केला असणार, कारण आईने माझं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

“तू म्हणू नकोस हं.”

“काय म्हणू नको?”

“ते. कुठे जायचं असेल तर जा, पण काही न बोलता जा. बोललीस की संपलं.”

मी मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने सुहेलला फोन लावला.

“माझी फाइल मागे घ्यायची आहे.”

“मागची वाट लिहिली होती काय?”

“नाही. लिहिली असती तरी उपयोग नव्हता. पेटीत खरे निरोपही आहेत. माझी आजी शेवटच्या आजारात दवाखान्यात आईला ‘येते गं आता’ म्हणाली होती, आणि ते आई स्वतः निरोप म्हणून समजली होती. सगळे निरोप उलटे वचनात बदलले तर आई आजीचीही वाट बघत बसेल.”

“मग सुरुवातीला काढलेली प्रत परत घाला. तेवढंच राहतंय.”

“प्रत घातली की दुपारपासूनची कार्डं जातील.”

“दुपारचं काय आहे एवढं?” त्याने विचारलं. मी परातीतल्या दाण्यांकडे पाहिलं. तो वेगळ्या आवाजात म्हणाला, “ताई, पाच वाजून गेलेत. प्रत चढायला वेळ लागतो.”

आईने अजून माझं मनगट धरलेलं होतं. तिला न विचारता हे करणं मला जमलं असतं. किल्ली माझ्याकडे होती.

“आई, माझं चुकलंय. दुरुस्त करायचं तर ही दुपार तुझ्याकडून जाईल. तू मला आत्ता जे सांगितलंस, मिक्सरचं, ते सांगितल्याचं तुला आठवणार नाही.”

“सांगितल्याचं?”

“हो. झालेलं राहील. मला सांगितलंस ते जाईल.”

ती शाळेत भूगोल शिकवायची. गोष्ट नीट ऐकून मग उत्तर द्यायची तिची सवय होती.

“तुला ऐकू आलं ना?” तिने विचारलं.

“आलं.”

“मग तू ठेव. मी काय करू त्याचं?”

मी प्रत चढवायला घेतली. दिवा केशरी झाला आणि या वेळी केशरीच राहिला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आईचा हात माझ्या मनगटावरून सुटला. तिने तो काढून घेतला, अनोळखी माणसाला चुकून लागलेला हात काढतात तसा.

“तुम्ही कुणाकडे आलात?” तिने विचारलं.

“तुमच्याकडेच.”

“बसा ना मग. उभ्या का?” तिने परात बाजूला सरकवली. “हे बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात. रोज येतात या वेळेला. चहा टाकते.”

“चहा नको. बसते मी.”

मी बसले. आम्ही दोघी दाराकडे पाहत होतो. मला कबूल करायला हरकत नाही की त्या आठ महिन्यांत संध्याकाळचा हा वेळ मला सर्वस्वी नकोसा कधीच नव्हता. रोज थोडा वेळ का होईना, या घरात कुणीतरी खात्रीने सांगत असे की बाबा वाटेवर आहेत. जिन्यात पाऊल वाजलं की मीही कान देत असे.

पट्टी पूर्ण झाली. दिवा हिरवा झाला.

“जुई, बेल का काढलीस?” आई म्हणाली.

बेल जोडलेली होती. पण तिची दुपार आत्ता सुरू होत होती.

आता डेटाबेसलाही काही झाल्याचं आठवत नव्हतं. कोणत्या फाइली चालल्या ही टिपणंही प्रतीबरोबर सुरुवातीच्या जागी गेली होती. मी माझी फाइल उघडली आणि आतला नियम पुसला. या वेळी नियम लिहायचा नव्हता. येतो म्हणणारी सगळी माणसं परत येणारच होती, भोईटेकाकू, सुहेल, मी. त्यांची वचनं खरीच होती. पेटीचं फक्त एका कार्डाबाबत चुकलं होतं.

एका कार्डासाठी लिहायची ओळ फार सोपी असते. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कुठलं कार्ड ते सांगायचं आणि काय करायचं ते सांगायचं. मी कार्डाचा क्रमांक घातला. खात्री म्हणून माणसाचं नाव घातलं, शशिकांत बर्गे. मग प्रकाराच्या जागी मला ‘निरोप’ लिहायचं होतं.

आठ महिन्यांत मी मृत्यूचा दाखला घेतला होता, बँकेत सह्या केल्या होत्या, त्यांचं मोबाईलचं कनेक्शन बंद केलं होतं. पण तिथे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहिलेल्या मजकुराखाली मी सही करत होते. हा शब्द मलाच टाइप करायचा होता.

“ताई?” फोनवरून सुहेल म्हणाला. “पंधरा मिनिटं राहिली. फाइली एकेक करून आता जमणार नाही.”

“मला माहीत आहे.”

“सगळ्या वाचल्यात ना तुम्ही?”

“वाचल्या.”

“मग सोडा एकदम.”

मी शब्द लिहिला. मागे फिरण्याची वाट याही वेळी रिकामी ठेवली, पण आता ती का रिकामी आहे हे मला माहीत होतं. फाइल साठवली. आधी तेवढी एकटी चालवली, तिचा पत्ता जोडून. केशरी. हिरवा. आई माझ्याकडे पाहत होती, ओळखीने. मग नेहमीची कमांड दिली आणि उरलेल्या सगळ्या सोडल्या. दिवा केशरी झाला. आई सौजन्याने माझ्याकडे पाहू लागली. पडद्यावर फाइलींची नावं खाली खाली सरकत गेली. मृत व्यक्तींच्या वचनांची ती फाइल तिथे क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग तीही गेली.

“जोडली गेली,” सुहेल म्हणाला. “ताई, तुमची पेटी नव्या सर्व्हरला दिसायला लागली. हिरवा आहे का तिकडं?”

“हिरवा आहे.”

“तुमची ती फाइल मला पाठवा. वरच्यांना दाखवतो. कऱ्हाडचे, सांगलीचे, सगळे ‘येतो’ म्हणूनच जात्यात. अशा किती पेट्या असतील काय माहीत.”

“पाठवते. पण ती जशीच्या तशी दुसऱ्या कुणाला चालणार नाही. ज्याच्या त्याच्या घरातल्या माणसाने ते कार्ड शोधायला हवं.”

“ते बी खरं.” तो म्हणाला. “बरं, ठेवतो मग. येतो ताई.”

“या,” मी म्हणाले.

मी फोन ठेवला तेव्हा आई परातीकडे बघत होती.

“या शेंगा कुणी सोलल्या गं?”

“तूच सोलल्यास.”

“मी? एवढ्या?” तिने मूठभर दाणे घेऊन परत सोडले. “बरं झालं. उसळ करते.”

बाहेर ऊन उतरलं होतं. अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा लागला. या वेळेला ती रोज कडी काढायला उठायची. आताही उठली. मी जागेवरून हलले नाही. ती दारापर्यंत गेली, कडी नीट लागली आहे का ते हाताने पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. ताटं मांडताना तिने दोन काढली, तिसऱ्यावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच ठेवला.

“येतो म्हणून गेले,” ती म्हणाली. मला नव्हे, ताटाला म्हणाली असावी. “जाताना तसंच म्हणतात.”

तिने ताट परत मांडणीत सरकवलं.

मिक्सरचं ती त्या रात्री बोलली नाही. मी वाट पाहिली. विचारावं की नाही ते ठरवता आलं नाही, आणि मग विचारलं नाही. ते आता माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मला पुण्याला ऑफिसला जायचं होतं. आईबरोबर दिवसभर थांबणाऱ्या बाई आल्या होत्या आणि बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. मी दारात चप्पल घातली. आत आई चटणी वाटत होती, मिक्सरचा आवाज घरभर भरला होता. काही न बोलता निघता आलं असतं. पण मग कालचं काम बरोबर झालं की नाही ते कधीच कळलं नसतं.

“आई, येते गं!”

मिक्सर थांबला. तो मध्येच थांबला होता. चटणी अजून वाटून व्हायची होती, भांड्यात खोबऱ्याचा तुकडा आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. आई ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली, मी दिसेल अशी उभी राहिली.

“ये,” ती म्हणाली.

मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत तिने मिक्सर पुन्हा लावला नाही.